विमानानं आलेली नणंद

माझं लग्न ठरलं तेव्हा त्या स्थळात माझ्या आईला सगळ्यात जास्त आवडली ती एकच गोष्ट : नणंद नव्हती. मुलगा कंपनीत नोकरीला, वाशीला नवा फ्लॅट, घरात सासू एकटी. "सासू एक वेळ परवडते," आई म्हणाली, "नणंद नाही परवडत." आमच्या साताऱ्याकडच्या बायकांचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, आणि तो खोटा नाही. पण नशिबात असलेलं चुकत नाही म्हणतात. मला नणंद मिळाली. उशिरा मिळाली आणि विमानानं आली.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. वाशीत तेव्हा बिल्डिंगा जास्त आणि माणसं कमी होती. आमचे हे ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत होते. त्यांचे साहेब एका संस्थेच्या कमिटीवर. ती संस्था महापेच्या बाजूच्या एका गावात बालवाडी आणि दवाखाना चालवायची. तिथं काम शिकायला परदेशातून तरुण पोरंपोरी यायची, वर्षभर, बिनपगारी. संस्थेची एक रीत होती. आल्या आल्या कामाला जायचं नाही. पहिला दीड महिना एका मराठी घरात राहायचं, भाषा शिकायची, कुणाला काही शिकवायला जायचं नाही. पाहुणी म्हणून नाही, घरची लेक म्हणून राहायचं आणि त्या घरचे सगळे नियम पाळायचे. साहेबांनी ह्यांना विचारलं, ह्यांनी मान डोलावली. आम्हाला कळलं तेव्हा ती मुलगी तिच्या देशातून निघालीसुद्धा होती.

सासूबाई भडकल्या. त्या रत्नागिरीकडच्या, सोवळ्याओवळ्याच्या. "आता मडमिणी आणा घरात," त्या म्हणाल्या, "आणि मला ठेवा नेऊन खाडीत." दोन दिवस मुलाशी बोलल्या नाहीत. मी मात्र वरवर तोंड पाडून आतून खूश होते. कारण मला माहीत होतं, ह्या घरात नवीन आलेल्या बाईचं काय होतं. पाणी पिण्याचा तांब्या कुठला, वापरायचा कुठला. आंघोळीआधी कशाला शिवायचं नाही. शेंगदाण्याचं कूट कशात घालायचं नाही, म्हणजे कशातच नाही. मी ते सगळं सोसून बसले होते. म्हटलं, येऊ दे, आता आणखी कुणालातरी कळू दे.

ती आली एप्रिलच्या शेवटी. युरोपातल्या कुठल्याशा थंड देशातली, उंच, उन्हानं लाल झालेली, पाठीवर पोत्याएवढी पिशवी. माझा मुलगा सुट्टीला साताऱ्याला गेला होता, त्याची खाट तिला दिली. पहिल्या दिवशी तिनं चपला घालून थेट स्वयंपाकघरात पाऊल टाकलं. मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या उठल्या, तिच्या पायाकडे बोट दाखवलं, दाराकडे बोट दाखवलं. ती पोरगी लालेलाल झाली, चपला हातात घेऊन पळाली, आणि आल्यावर तिनं ओल्या फडक्यानं सगळं स्वयंपाकघर पुसून काढलं. सासूबाई बघत होत्या. "पुसते बरी," त्या म्हणाल्या.

पुसते बरी! मी त्या घरात आठ वर्षं फरशी पुसत होते. "कोपरे राहिले" ह्यापलीकडे कधी शब्द ऐकला नव्हता.

तिथून जे सुरू झालं ते मला बघवेना. ती दिवसभर सासूबाईंच्या मागे मागे. एक एक वस्तू उचलायची आणि "हे काय?" विचारायची. विळी, रोळी, पळी, उलथनं. सासूबाई नाव सांगायच्या, ती तीन वेळा म्हणायची, चुकायची, सासूबाई हसायच्या. त्यांना हसताना मी सणासुदीलासुद्धा पाहिलं नव्हतं. मी बी. ए. झालेली, मला सगळी नावं येत होती, हाच माझा गुन्हा. तिचं नाव सासूबाईंच्या तोंडात बसेना, तर त्यांनी तिला एक मराठी नाव ठेवलं. लग्नात माझंही नाव बदललं होतं, पण ते भटजींनी काढलेल्या अक्षरावरून. हिला ठेवलं ते नाव सासूबाईंनी मुलगी झाली तर ठेवायचं म्हणून मनात जपलेलं होतं. तीन मुलगे झाले, मुलगी झाली नाही. नाव तसंच राहिलं होतं, घडी न मोडलेल्या लुगड्यासारखं.

मला ती "वहिनी" म्हणायला लागली. कुणी शिकवलं ते सांगायला नको. झालं, नात्यानं ती नणंद ठरली. आणि नणंदेची सगळी लक्षणं तिच्यात होती, म्हणजे ती चांगली होती आणि तिच्या चांगुलपणाचा त्रास मला होत होता. ती ताटातलं सगळं संपवायची, मग सासूबाई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "बघ, परक्या मुलखातली पोर, पण अन्न टाकत नाही हो." मी तरी कुठं टाकत होते? पण लेकी बोले सुने लागे, ही म्हण ज्या कुणी बाईनं काढली तिला मी त्या दिवसांत रोज नमस्कार करत होते.

आता लोणच्याचं सांगते, कारण खरं दुखणं तिथं होतं.

आमच्या घरी वर्षाचं लोणचं सासूबाई एकट्या घालायच्या. मोठी चिनी मातीची बरणी, तोंडाला दादरा बांधलेला, ती फडताळात वरच्या खणात. तिला हात लावायचा नाही. माझा तर नाहीच. "तुमच्या देशावरच्या बायकांचा हात लोणच्याला मानवत नाही," असं त्या पहिल्या वर्षीच बोलून गेल्या. लोणचं रोजच्यासाठी लहान बरणीत काढायचं ते त्यांनीच. घराच्या किल्ल्या कमरेला लावणारी सासू वेगळी, आमच्याकडे बरणी होती. बरणी ज्या बाईच्या हातात, घर तिचं. पण त्या वर्षी त्यांची बोटं आखडायला लागली होती, पळीसुद्धा नीट धरवेना. पाडव्याच्या दिवशी त्या आपण होऊन म्हणाल्या, "यंदा लोणचं तू घाल. मी बसते बाजूला." मी आईला पत्र लिहून कळवलं. बाईमाणसाला सरकारी नोकरी लागल्याचा आनंद होत असेल तसा मला झाला होता.

मे महिन्यात कैऱ्यावाली आली. जवळच्या गावातली आगरी बाई, दर वर्षी तीच यायची. पाटी उतरवून म्हणाली, "घ्या वयनी, येकदम आंबट हायेत. पानी नाय लागलं यांना." खडे मीठही तिनंच आणलं होतं, त्यांच्या मिठागरातलं. सासूबाईंनी एक एक कैरी नाकाशी धरून निवडली. धुऊन, पुसून कैऱ्या धोतरावर पसरल्या. उद्या सकाळी घालायचं ठरलं. दुपारी मी मोहरी निवडून ठेवली, हळकुंडं कुटली, बरणी उन्हात तापवून आणली. बरणीला हात लावला, कुणी ओरडलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाहेरची झाले.

आजच्या मुलींना हे सांगावं लागतं. महिन्याचे ते तीन दिवस आमच्या घरी बाजूला बसायचं. कशाला शिवायचं नाही, स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही. गावच्या घरी त्याला माजघराबाहेर एखादी खोली तरी असते. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कुठं बसणार? गॅलरीत. चटई, पोचे पडलेलं एक ॲल्युमिनियमचं ताट, एक तांब्या. समोर दुसरी बिल्डिंग, तिच्या सगळ्या गॅलऱ्या आमच्याकडे तोंड करून. समोरच्या बाई कपडे वाळत घालता घालता माझ्याकडे बघून ओळखीचं हसायच्या. मी गॅलरीत दिसले की सोसायटीला महिना कळत असणार. मी रस्त्याकडे पाठ करून बसायची, पण पाठ झाकता येत नाही.

त्या पहाटे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, कैऱ्यांकडे बघितलं. मी म्हटलं, "आई, तीन दिवस थांबूया का?"

"कैऱ्या पिकतील गो," त्या म्हणाल्या. आणि मग, दुसरीकडे बघत, "ती आहे की. ती करील."

गॅलरीच्या दाराच्या काचेतून मी सगळं पाहिलं. चुकवावं म्हटलं तरी मान तिकडेच वळत होती. सासूबाई पाटावर, शेजारी ती मांडी घालून, केस माझ्या रुमालानं बांधलेले. मी कुटलेली हळद. मी निवडलेली मोहरी. सासूबाई बोटांनी दाखवत होत्या, ती मुठीनं मीठ घालत होती. एकदा तिची मूठ जास्त भरली, तर सासूबाईंनी तिचं मनगट धरलं आणि थोडं मीठ झटकलं. तेवढं मनगट धरणं पाहून माझ्या पोटात जी कळ आली ती महिन्याची नव्हती. मला ती मुलगी नकोशी झाली. तिचे निळे डोळे, तिचं वाकून बसणं, बरणीत कैऱ्या भरताना तिनं ओठाला लावलेली जीभ, काही काही नको झालं. फोडणी गार झाल्यावर तिनं ती ओतली, दादरा बांधला, आणि टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी तिची दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. आखडलेली बोटं, पण मोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई झोपल्यावर ती गॅलरीत आली. मी हात वर करून थांब म्हणेपर्यंत माझ्या चटईवर येऊन बसली. हातात दोन गोळ्या. "वहिनी आजारी," ती म्हणाली. सासूबाईंनी तिला एवढंच सांगितलं होतं. मी इंग्रजीत समजावलं की आजारी नाही, महिन्याचं आहे. ती हसली, स्वतःच्या पोटावर हात ठेवला. तिलाही कालपासूनच. काल सकाळीच. म्हणून तर गोळ्या तिच्या खिशात होत्या.

काल सकाळी!

म्हणजे अख्खं लोणचं, वर्षाचं, हिनं तसल्या हातानं घातलं. मी बाहेर चटईवर, आणि ही आत बरणीत कोपरापर्यंत. तिला मी आमची रीत सांगितली नाही. सांगितली असती तर ती नियम पाळायला लगेच दुसरी चटई घेऊन शेजारी आली असती, इतकी ती भली होती. मी गोळ्या घेतल्या आणि गप्प बसले. हुकमाचं पान हातात आलं होतं, उतरवायची घाई नव्हती.

कारण माझी खात्री होती की लोणचं नासणार. लहानपणापासून ऐकलेलं होतं. बाहेरच्या बाईची सावली पडली तरी बुरशी धरते, इथं तर हात पडला होता. लोणचं नासेल, सासूबाई कारण शोधतील, आणि मग मी हळूच सांगेन. रोज जेवताना लहान बरणीतून फोड वाढली गेली की मी ती उजेडाला धरायची. पांढरं काही दिसतं का? वास येतो का? देवाजवळ कुणी बुरशी मागितली नसेल, मी मागितली. लोणच्याला खार सुटला, फोडी मऊ झाल्या, रंग चढला. असं लोणचं त्या घरात कधी झालं नव्हतं. समोरच्या बाई चव घ्यायला आल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हात कोरडा ठेवलान तिनं. हात बरा आहे हो पोरीचा." त्या बाई बोटं चाटत माझ्याकडे बघून हसल्या.

जूनच्या सुरुवातीला तिचा दीड महिना भरला. तिला गावात न्यायला संस्थेची जीप आली. सासूबाईंनी तिला कुंकू लावलं, हातावर दही घातलं. मग त्यांनी फडताळ उघडलं, मोठी बरणी खाली घ्यायला लावली आणि तिच्यासाठी एक मोठा डबा भरला, वर तेल ओतून. "तिकडे कोण घालील तुला," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. आठ वर्षांत मी माहेरी निघाले की मला त्या बरणीतली एक वाटी मिळाली नव्हती. पोरगी त्यांच्या गळ्यात पडून रडली, माझ्या गळ्यात पडून रडली. माझा खांदा ओला झाला आणि मला त्याचाही राग आला.

जीप वळली तशी मी म्हटलं, "आई, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. लोणचं घातलं त्या दिवशी ती बाहेरची होती."

सासूबाई दही सांडलेली जागा पुसत होत्या. पुसत राहिल्या. "ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "तिनं मलाच विचारलं सकाळी, वापरलेलं कुठे टाकायचं म्हणून."

"आणि तरी घेतलंत तिला आत?"

"कैऱ्या पिकल्या असत्या."

"मग मी काय वाईट होते? मी तिथंच होते की. काचेच्या पलीकडे."

त्यांनी फडकं पिळलं. "सुनेचं वेगळं असतं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी रडले नाही. रडण्याच्या पलीकडे गेले होते. इतकी वर्षं मला वाटायचं, हा नियम देवाचा आहे, लोणच्याचा आहे, निदान सगळ्यांचा आहे. तो फक्त माझा निघाला. मी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "आता ती गेली ना? सोड." पुरुषांना माणूस गेला की विषय गेला असं वाटतं. मी सासूबाईंशी कामापुरतं बोलायला लागले. मीठ संपलंय. दूधवाला आला. लोणचं मी पानात घेणं बंद केलं. त्यांनी वाढलं तर डावीकडे तसंच ठेवायची, टाकायची. अन्न टाकते म्हणून बोलतील, भांडण तरी होईल, अशी वाट बघायची. त्या बोलल्या नाहीत.

मग माझे दिवस आले. सकाळी मी नेहमीसारखी चटई काखेत मारली, ताट-तांब्या घेतला आणि गॅलरीकडे निघाले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या.

"चटई ठेव," त्या म्हणाल्या. "आंघोळ करून आत ये. पोळ्या करायच्यात."

हे ऐकायला मी आठ वर्षं काय केलं नसतं! पण त्या सकाळी ते शब्द मला नकोसे झाले. ती येऊन गेली म्हणून मला मिळत होतं. मी मागितलं तेव्हा नाही, माझ्या लायकीनं नाही, तिच्या मागून, उरलेलं. उष्टं.

"नको," मी म्हटलं. "सुनेचं वेगळं असतं."

आणि जाऊन बसले गॅलरीत. रस्त्याकडे पाठही केली नाही. तोंड करून बसले, बघायचं त्यानं बघा म्हणून. समोरच्या बाई पिळे झटकत होत्या, त्यांनी पाहिलं. मीही पाहिलं.

दुपारी जेवणाच्या वेळी मागे दार करकरलं. एरवी सासूबाई उंबऱ्यातूनच वरून भात वाढायच्या, ताटाला भातवाढी लागू न देता. त्या दिवशी त्या उंबरा ओलांडून बाहेर आल्या. हातात घरातलं स्टीलचं ताट, दोघींना पुरेल एवढा भात, आमटी, कडेला लोणचं. गुडघे धरत, भिंतीला टेकत त्या खाली वाकल्या.

"सरक," त्या म्हणाल्या.

"आई, शिवाल मला. आंघोळ करावी लागेल."

"सरक म्हटलं ना."

मी सरकले. त्या माझ्या चटईवर बसल्या, मांडीला मांडी लागली. त्या घरात आल्यापासून त्या दिवसांत मला कुणी शिवलं नव्हतं. वाळलेले कपडे काढायला आलेल्या समोरच्या बाईंच्या हातातला कपडा तसाच राहिला. सासूबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट बघून घेतलं, मग त्या बाई आत गेल्या.

"ती यायची नाही पुढच्या वर्षी," सासूबाई भात कालवत म्हणाल्या. बोटं नीट मिटत नव्हती, शितं सांडत होती. "लेक काय, जायचीच."

"मग बोलवून घ्या विमानानं," मी म्हटलं. माझा राग गेला नव्हता. तो असा भातानं जाणारा नव्हता.

त्यांनी ताटातली लोणच्याची फोड उचलली आणि माझ्या बाजूला सारली. मी ती बघत राहिले. मग तोंडात टाकली. ती पोरगी गेल्यापासून पहिल्यांदा. ते मुरलेलं होतं, आणि त्यात माझी हळद होती, माझी मोहरी होती, आणि तिचा हात होता.

"मीठ जास्त झालंय," मी म्हटलं.

सासूबाईंनी एक फोड घेतली, डोळे मिटून चावली, वेळ लावून गिळली. मिठाच्या बाबतीत त्यांनी आयुष्यात कुणाची भीड ठेवली नव्हती.

"झालंय खरं," त्या म्हणाल्या.

मीठ अगदी बेताचं पडलं होतं.